वेळापत्रकातला ‘ध’ चा ‘मा’

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : पदव्युत्तर वर्गांना कोणी शिकवायचे, याबाबतचे गेल्या महिन्यातले परिपत्रक

स. न. वि. वि.

मी आपल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. नोकरीला एकतीस वर्षे झाली, निवृत्तीला सात महिने उरले आहेत. पदव्युत्तर अध्यापक म्हणून विद्यापीठाची मान्यता माझ्याकडे आहे. त्या मान्यतेच्या आधारे गेली नऊ वर्षे मी एम.ए.च्या वर्गाला मोडी लिपी शिकवत आहे, अशी नोंद आपल्या दप्तरात आहे.

मला मोडी येत नाही.

अगदीच येत नाही असेही नाही. अक्षरांचा तक्ता शेजारी असला तर अडखळत चार ओळी लावतो. पण अठराव्या शतकातला खराखुरा कागद समोर आला, घाईत लिहिलेला, वाळवी लागलेला, की माझी गाडी ‘श्री’च्या पुढे सरकत नाही. आमच्याकडे मोडी शिकवतात त्या मॅडम. तासिका तत्त्वावर, अकरा वर्षे. त्यांचे नाव या पत्रात नाही. मी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “सर, तुम्ही लिहा, पण माझं नाव नको. जूनमध्ये परत नेमणूक व्हायची आहे.” त्यांचे नाव नाही, म्हणून महाविद्यालयाचेही नाही आणि माझेही नाही. आपल्या कार्यालयाकडे स्पीड पोस्टाने पाठवलेल्या प्रतीवर मात्र माझी सही आणि शिक्का आहे.

आपले परिपत्रक दीड पानाचे आहे. त्याचा मथितार्थ असा की पदव्युत्तर अध्यापक मान्यतेसाठी यापुढे फक्त पूर्णवेळ नेमणूक असलेल्या शिक्षकांचे अर्ज घेतले जातील, आणि तासिका तत्त्वावरील व कंत्राटी शिक्षकांचे प्रलंबित अर्ज ‘दप्तरी दाखल’ करण्यात येत आहेत. मॅडमचा अर्ज दोन वर्षे प्रलंबित होता. तो आता दप्तरी दाखल झाला. इतिहासवाल्यांना दप्तराचे महत्त्व वेगळे सांगायला नको, पण दप्तरी दाखल या दोन शब्दांचा कार्यालयीन अर्थ काय होतो, हे आपण सगळेच जाणतो.

हे परिपत्रक गुणवत्तेसाठी काढले आहे, असे त्याच्या पहिल्या परिच्छेदात म्हटले आहे. ते मी मनापासून खरे मानतो. पदव्युत्तर वर्गाला कोणीही येऊन शिकवावे, या मताचा मी नाही. यंदा एम.ए. झालेला मुलगा पुढच्या जूनमध्ये एम.ए.लाच शिकवायला उभा राहिलेला मी पाहिला आहे. कालच्या नोट्स आज वाचून दाखवणे, याच्या पुढे ते शिकवणे जात नव्हते. इथे इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचे नाव घेऊन, ‘त्यांच्याकडे नुसती बी.ए.ची पदवी, आज त्यांना आपण पीजीला उभे केले असते का?’ असे विचारण्याची आमच्या क्षेत्रात पद्धत आहे. तो मोह मी आवरतो. पात्रता हवीच. माझे भांडण आहे ते पात्रता कशाने मोजायची यावर. आपण ती नेमणुकीच्या प्रकाराने मोजत आहात.

मॅडमची पात्रता सांगतो. एम.ए. इतिहास, प्रथम वर्ग. सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकांसाठीची राज्याची पात्रता परीक्षा, उत्तीर्ण, पहिल्याच प्रयत्नात. वतनी कागदपत्रांवर पीएच.डी., तीही पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, एकेक सोडून, मूळ कागद वाचून केलेली. त्या काळात दर शुक्रवारी रात्रीच्या एसटीने जायचे आणि रविवारी परतायचे, असे त्यांचे जवळजवळ तीन वर्षे चालले होते. आणि माझी? एम.ए., नेट ही तशीच देशपातळीवरची परीक्षा, आणि छापील साधनांवर केलेली पीएच.डी. पूर्णवेळ नोकरीचा आदेश योग्य वेळी हातात पडला, हा माझा मुख्य गुण.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तरीही हे पत्र बाहेरचे लोकही वाचतील म्हणून सांगतो. १८ जुलै २०१८ च्या विनियमांत विद्यापीठ विभागांतल्या सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची होणार होती. ती सक्ती आधी पुढे ढकलली गेली आणि १ जुलै २०२३ पासून मागे घेतली गेली. आज सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही सगळ्या उच्च शिक्षण संस्थांसाठी किमान अट आहे. पदवीला शिकवणारा वेगळा आणि पदव्युत्तरला शिकवणारा वेगळा, असे दोन प्रकारचे सहायक प्राध्यापक आयोगाने सांगितलेले नाहीत. पदव्युत्तर मान्यतेची पायरी विद्यापीठाची स्वतःची आहे. ती असावी, पण तिच्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवता येणार नाही.

आता हे नऊ वर्षे कसे चालले, ते सांगतो. यात मी स्वतः सामील आहे.

आमचे एम.ए. विनाअनुदानित आहे. पदव्युत्तर केंद्र चालवायचे तर मान्यताप्राप्त अध्यापक दाखवावे लागतात, म्हणून पदवी वर्गांना शिकवणारे आम्ही तिघे कागदावर एम.ए.चेही अध्यापक आहोत. पण आठवड्याचे सोळा तास आमचे बी.ए.लाच भरतात. शिवाय नॅकचे मूल्यांकन, प्रवेश समिती, निवडणुकीची कामे. मोडी हा चार श्रेयांकांचा विषय, म्हणजे सत्रात साठ तास. ते कोण घेणार? मग दोन वेळापत्रके तयार होतात. एक पदवीचे, एक पदव्युत्तरचे, वेगवेगळ्या फायलींत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर बुधवारी १२ वाजून १० मिनिटांनी मी एकाच वेळी सात नंबरच्या खोलीत द्वितीय वर्ष बी.ए.ला मराठ्यांचा इतिहास शिकवत असतो आणि ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत एम.ए.ला मोडी. नऊ वर्षांत तीन समित्या येऊन गेल्या. त्यांनी दोन्ही फायली पाहिल्या, स्वतंत्रपणे, आणि दोन्हींवर समाधान व्यक्त केले.

एका समितीच्या वेळची गोष्ट मला विसरता येत नाही. त्या दिवशी मॅडमना ‘येऊ नका’ असा निरोप गेला होता. तो निरोप मीच दिला होता. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी सहज म्हणून एम.ए.च्या मुलांना विचारले, “मोडी कोण शिकवतं तुम्हाला?” पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली, तिने तोंड उघडले आणि माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहत होतो. ती म्हणाली, “सर शिकवतात.” तिला मी काहीच सांगितले नव्हते. ते तिचे तिलाच समजले. इतिहासाच्या वर्गात पुराव्याची शहानिशा कशी करायची, हे आम्ही ज्या मुलांना शिकवतो, त्यांतली ती एक.

मॅडमचा तास कसा असतो, हे मी एकदा मागच्या बाकावर बसून पाहिले आहे. त्या फळ्यावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे टांगत जातात. मोडी तशीच लिहितात. हात उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. त्या दिवशी एका पत्राची झेरॉक्स सगळ्यांपुढे होती. कालोल्लेख होता ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एका मुलाने तो मंत्रासारखा वाचला. मॅडम म्हणाल्या, “वाचलंस छान. आता मोज.” मग फळ्यावर आकडे आले. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा शुहूर सन. तो मृगाला सुरू होतो, म्हणून इसवी सन काढायला, पत्र जून ते डिसेंबरमधले असेल तर ५९९ मिळवायचे आणि त्यानंतर मृगापर्यंतचे असेल तर ६००. मुलाने बेरीज केली, १७६१ लिहिले, आणि वर्गात एकदम शांतता पसरली. पत्र पौषातले होते. पानिपतचा महिना. कोणीही ‘पानिपत’ हा शब्द उच्चारला नव्हता. तो त्या मुलांना बेरजेत सापडला.

तिथेच शेवटच्या दहा मिनिटांत कोणीतरी ‘ध’ चा ‘मा’ काढला. दरवर्षी कोणी ना कोणी काढतेच. नारायणरावांना ‘धरावे’ असे पत्रात होते, त्याचे ‘मारावे’ कसे झाले? मॅडमनी गोष्ट सांगितली नाही. दोन्ही शब्द मोडीत एकाखाली एक लिहिले आणि खडू मुलांच्या हातात दिला. “कुठे खाडाखोड करावी लागेल ते दाखवा. शाई तीच, हात दुसरा. ओळखू येईल की नाही?” घंटा झाली तरी मुले फळ्याशी भांडत होती. अशा तासाला मान्यता नाही, आणि माझ्या नसलेल्या तासाला आहे. दरवर्षी जूनमध्ये मी वेळापत्रकात त्यांचे नाव खोडून माझे लिहितो, तेव्हा आमच्या विभागातही एक ‘ध’ चा ‘मा’ होतो. हात माझा. शाई, क्षमा करा, पण विद्यापीठाच्या नियमाची.

मान्यता नसल्यामुळे त्यांना प्रश्नपत्रिका काढता येत नाही. मोडीची प्रश्नपत्रिका काढायला मान्यताप्राप्त अध्यापकांच्या यादीतून दोनदा मलाच पत्र आले. पहिल्या वेळी मी संगणकावरच्या मोडी टंकात उतारा छापून पाठवला, स्वच्छ, शब्दाशब्दांत जागा सोडून. असा मोडी कागद जगात अस्तित्वात नाही! दुसऱ्या वेळी शहाणपण सुचले आणि उतारा मॅडमकडून बोरूने लिहून घेतला. मानधन माझ्या खात्यात जमा झाले. मी ते पाकिटात घालून त्यांना दिले. त्यांनी त्यातून विभागासाठी बोरू, शाई आणि हातकागद आणला आणि उरलेले ऐंशी रुपये बिलासकट माझ्या टेबलावर ठेवले.

शोधप्रकल्पाचेही तेच. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात त्याला भरपूर श्रेयांक आहेत, तो काही आता तोंडी लावण्यापुरता राहिलेला नाही. मागच्या वर्षी सात मुलांनी अप्रकाशित मोडी कागदांवर काम केले. गावातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून कागद उतरवून आणले होते त्यांनी. सातही प्रबंधिकांच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून माझे नाव आहे. मॅडमचे नाव ऋणनिर्देशात, ग्रंथपाल आणि टंकलेखक यांच्या मध्ये.

अनुभवाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. परिपत्रकात ‘पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव’ असे शब्द आहेत. मॅडमची अकरा वर्षे त्यात बसत नाहीत, कारण नेमणूक दर वेळी नऊ महिन्यांची आणि आठवड्याचे तास मर्यादित. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत थेट भरती आणि बढतीसाठी तात्पुरत्या सेवेचीही गणना करता येते, पण काही अटींवर. त्यांतली एक अट अशी की त्या काळात मिळणारे एकूण वेतन नियमित नेमलेल्या प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. या अटीचा उद्देश चांगला असेल, पण आमच्या गावात ती उलटी लागते. संस्थेने कमी पैसे दिले, म्हणून शिकवलेली वर्षे कमी झाली. आयोगानेच २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये, असे सांगितले होते. आमच्याकडे विनाअनुदानित एम.ए.ला तासाला तीनशे मिळतात, तेही सत्र संपल्यावर. मला वाटत होते, कमी मोबदल्यात अकरा वर्षे टिकून राहणे ही जमेची बाजू धरली जाईल.

कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसाव्यात, असेही त्याच २०१८ च्या विनियमांत होते. राज्यात भरतीची काय स्थिती आहे, हे मी आपल्याला सांगणे उद्धटपणाचे होईल. २०२१ मध्ये शासनाने सहायक प्राध्यापकांच्या २०८८ जागा भरायला मान्यता दिली, तेव्हा आमच्याकडे इतिहासाचे एक पद रिकामे होते. ते अजून रिकामे आहे. तो दोष विद्यापीठाचा नाही. पण शासन पद भरत नाही, संस्था पैसे देत नाही, आणि विद्यापीठ नाव लिहू देत नाही, असे तिन्ही बाजूंनी एकाच माणसावर येते, तेव्हा आपल्या हातात असलेली एक बाजू तरी आपण सोडवावी, इतकेच माझे म्हणणे आहे.

दुसरीकडे आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ आणले. पंधरा वर्षांचा व्यावसायिक अनुभव असलेला जाणकार, नेट नसले तरी आणि पीएच.डी. नसली तरी, विद्यापीठात येऊन शिकवू शकतो. मला ती कल्पना आवडली होती, आजही आवडते. पण मग बँकेतून किंवा कारखान्यातून आलेल्या पाहुण्यासाठी पदवीची अट सैल होऊ शकते, तर सेट आणि पीएच.डी. असलेल्या बाईसाठी नेमणुकीच्या प्रकाराची अट सैल का होऊ नये, याचे उत्तर विद्या परिषदेने द्यावे.

मला त्याचे एक उत्तर ऐकू आले आहे, खासगीत. मान्यता दिली की हे लोक उद्या कोर्टात जातील आणि कायम करा म्हणतील, अशी भीती आहे. ती मी समजू शकतो. पण मान्यता म्हणजे नेमणूक नव्हे. मान्यता माणसाच्या विद्येला असते, पद संस्थेचे असते, पगार शासनाचा. तसे वाक्य मान्यतापत्रातच छापता येईल. आणि कोणी पुढे न्यायालयात गेलेच, तर खरे काय ते न्यायालयापुढे येईल, यात विद्यापीठाने घाबरण्यासारखे काय आहे?

आता मागण्या. गेल्या महिन्याचे परिपत्रक स्थगित करावे आणि दप्तरी दाखल केलेले अर्ज पुन्हा उघडावेत, ही पहिली. पदव्युत्तर मान्यतेसाठी नेट, सेट किंवा पीएच.डी. आणि त्या विषयात प्रत्यक्ष शिकवल्याचा पुरावा, एवढेच पाहावे. तासिका तत्त्वावरची वर्षे तासांच्या हिशेबाने मोजावीत. हवे तर अट कडक करा. अर्जदाराचा तास दोन तज्ज्ञांनी मागच्या बाकावर बसून पाहावा, मुलांशी बोलावे. मोडीसारख्या विषयात समोर एक कागद ठेवून वाचायला सांगावे. ही परीक्षा आमच्यासारख्या जुन्या मान्यताधारकांनाही लावावी. मी नापास होईन, हे वर सांगितलेच आहे.

प्रश्नपत्रिका, मूल्यमापन आणि शोधप्रकल्पाचे मार्गदर्शन यांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचेच नाव आणि मानधन असावे. मागच्या सात प्रबंधिकांच्या बाबतीत सहमार्गदर्शक म्हणून दुरुस्तीपत्रक काढता येते का, तेही पाहावे.

आणि पदवी व पदव्युत्तर ही दोन वेळापत्रके तपासणी समितीने एकाच टेबलावर, शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. या मागणीला एक रुपयाही खर्च नाही. तिने आमच्यासारख्या अनेक विभागांची पंचाईत होईल, हे मला माहीत आहे. चार वर्षांच्या पदवीतले ऑनर्सचे वर्ग सुरू होतील तेव्हा असे तास आणखी वाढणार आहेत, आणि एकाच माणसाला किती खोल्यांत दाखवायचे याला काही मर्यादा आहे.

हे सगळे नऊ वर्षे गप्प राहून आता निवृत्तीच्या तोंडावर का सांगतो, असे कोणी विचारेल. विचारावे. केंद्र बंद पडेल, मुलींना पन्नास किलोमीटरवरच्या शहरात जावे लागेल, त्यातल्या निम्म्या जाणारच नाहीत, असे मी स्वतःला सांगत आलो. ते खोटेही नव्हते. पण त्या आडोशाला माझी सोयही होती. नऊ वर्षांच्या चुकीच्या नोंदींची जबाबदारी माझ्यावर येत असेल तर मी खुलासा द्यायला तयार आहे. माझ्यानंतर या विभागात मोडीपुढे लिहायला मान्यताप्राप्त नावही उरणार नाही. बाकीचे दोघे आधुनिक युरोप आणि आर्थिक इतिहासवाले आहेत.

दुसऱ्या सत्राचे पदव्युत्तर वेळापत्रक सोमवारपर्यंत आपल्याकडे पाठवायचे आहे. ते आत्ता माझ्यासमोर आहे. मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार, मोडी लिपी, ग्रंथालयाच्या वरची खोली. या तीन रकान्यांत मी मॅडमचे नाव लिहिले आहे. त्यासाठी मला त्यांची वेगळी परवानगी घ्यावी लागली. त्या आधी नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला, “लिहा सर. नावातली वेलांटी दुसरी आहे, तेवढं बघा.”

आपला,
इतिहास विभागप्रमुख
(विद्यापीठमान्य पदव्युत्तर अध्यापक)